ऑप्टिमसचा पाय काळ्या मातीत

मागच्या अंकात पंपाच्या एका प्रश्नाला उत्तर देताना सहज लिहून गेलो, की बेळगावच्या उद्यमबागेतल्या पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे लाकडी नमुने करायच्या खात्यात) एकतीस वर्षं काढली त्यातली बरीचशी वर्षं माझ्या डब्याच्या पिशवीत एक फाटकं इंग्लिश कॉमिक असायचं, 'ट्रान्सफॉर्मर्स' नावाच्या, ट्रकचा माणूस होणाऱ्या यंत्रांचं. तेवढं एक वाक्य महागात पडलं. पंपाबद्दल दोन पत्रं आली आणि त्या यंत्रांबद्दल तेवीस. संपादकबाई म्हणाल्या, "काका, या महिन्याचं पान त्यांनाच देऊन टाका." दिलं.

ज्यांच्या घरात ही मंडळी अजून शिरलेली नाहीत त्यांच्यापुरतं सांगतो. सायबरट्रॉन नावाचा एक अख्खा धातूचा ग्रह. तिथली माणसंही धातूची, आणि त्यांचे दोन तट. ऑटोबॉट, त्यांचा म्होरक्या ऑप्टिमस प्राइम, लाल ट्रक होणारा. आणि डिसेप्टिकॉन, त्यांचा मेगाट्रॉन. लढत लढत त्यांचं जहाज पृथ्वीवर येऊन आदळतं, चाळीस लाख वर्षं एका ज्वालामुखीत पडून राहतं, आणि १९८४ साली सगळे जागे होतात. जागे झाल्या झाल्या पुन्हा भांडायला सुरुवात. आमच्या सीमेच्या दाव्याला २००४ पासून सुप्रीम कोर्टात तारखा पडतात तेही मला कमी वाटायला लागलं होतं.

आणखी एक गंमत. या कॉमिकची ब्रिटिश आवृत्ती निघायची, तिच्यात वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायला संपादक नसायचा, कॉमिकमधलेच यंत्रमानव असायचे. आधी साउंडवेव्ह, म्हणजे टेपरेकॉर्डर होणारा डिसेप्टिकॉन, आणि नंतर ग्रिमलॉक, जो डायनोसॉर होतो आणि ज्याचं डोकं कायम तापलेलं असतं. तेव्हा माझं एखादं उत्तर तिरकं वाटलं तर परंपरेला धरून आहे असं समजा.

*

काका, मी आठवीत आहे. मेगाट्रॉन इमारतीएवढा असतो आणि त्याचं पिस्तूल झालं की माणसाच्या हातात मावतं. मग त्याचं वजन कुठे जातं? आमचे सर म्हणाले असले प्रश्न विचारू नयेत.
(खानापूर तालुक्यातून)

बाळा, सरांना म्हणावं हाच प्रश्न विचारायचा. वजन कुठेही जात नाही, जाऊ शकत नाही. दहा टन लोखंड तू घडी घालून खिशात ठेवलंस तरी ते दहा टनच राहील आणि खिसा फाटेल. कॉमिक लिहिणाऱ्यांनी आणि त्यांच्या चाहत्यांनी पुढे सारवासारव केली, की उरलेलं वजन दुसऱ्याच कुठल्या मितीत जाऊन बसतं. ते ऐकायला बरं आहे. खरं कारण कथेत नाहीच, ते खेळण्याच्या खोक्यात आहे, आणि मला ते जास्त आवडतं.

ही खेळणी जपानच्या ताकारा कंपनीची. तिच्याकडे दोन वेगळ्या मालिका होत्या. एक डायाक्लोन. तिच्यात मोटारी, ट्रक, विमानं, सगळी लहान करून बनवलेली, आणि आत बसायला इवला चालक, त्याच्या पायांत चुंबक. म्हणजे मुळात ती जिवंत यंत्रं नव्हतीच, माणसाने चालवायची वाहनं होती. दुसरी मालिका मायक्रो चेंज. तिची कल्पना अशी, की घरातली वस्तूच इवल्या यंत्रमानवात बदलते. त्यामुळे तिच्यातलं पिस्तूल पिस्तुलाएवढं, कॅसेट कॅसेटएवढी, काही लहान केलेलं नाही. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने दोन्ही मालिका उचलल्या आणि एकाच नावाखाली एकाच दुकानात मांडल्या. ऑप्टिमस आला डायाक्लोनमधून, मेगाट्रॉन आणि साउंडवेव्ह मायक्रो चेंजमधून. दोन वेगळ्या पट्ट्यांनी मापलेला माल एका पेटीत पडला, एवढीच भानगड. कथा लिहिणाऱ्याने त्या दोघांना समोरासमोर उभं करून मारामारी लावली, तेव्हा वजनाचा हिशेब कुणाला तरी चुकवावा लागणारच होता.

पट्टीवरून माझीच गोष्ट सांगतो. ओतीव लोखंड थंड होताना आटतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो, आणि त्यासाठी आमच्याकडे वेगळी पट्टी असते, जिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा. दिसायला दोन्ही पट्ट्या जुळ्या बहिणी. मी नवखा होतो, पहिल्याच पावसाळ्यात सहाशे मिलिमीटरच्या एका फ्लँजचा (पाइप जोडायच्या गोल कडीचा) पॅटर्न साध्या पट्टीने केला. सागवान सुरेख तासलं होतं, घोटून पॉलिशसुद्धा केलं. कास्टिंग आलं ते सहा मिलिमीटर कमी. एक नाही, चौदा. सगळे भंगारात. मिस्त्री काही बोलला नाही, फक्त दोन्ही पट्ट्या माझ्या बाकावर शेजारी शेजारी ठेवून गेला. मेगाट्रॉनच्या वजनाची चूक कुणी काढली की मला त्या चौदा फ्लँज दिसतात.

*

मी डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. एवढा मोठा यंत्रमानव प्रत्यक्षात चालू शकेल का? प्रोजेक्टसाठी विचारतोय असं नाही, सहज.
(निपाणी)

सहज म्हणणारा पोरगाच पुढे प्रोजेक्ट मागतो हे मला ठाऊक आहे. बस, सांगतो.

आधी उंची. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात हे हाडाचं चित्र काढून दाखवलंय. माणूस दहा पट उंच केलास, तर तो लांबी, रुंदी, जाडी तिन्हीकडून दहा पट होतो, म्हणजे वजन हजार पट. सत्तर किलोचा माणूस सत्तर टनांचा झाला. पण हाड भार पेलतं ते आपल्या आडव्या छेदावर, आणि तो छेद शंभर पटच वाढला. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पूर्वीच्या दहा पट भार. हत्तीचा पाय हरणासारखा नाजूक का नसतो त्याचं उत्तर एवढंच आहे.

आता ऑप्टिमस घे. ट्रकचं पुढचं धूड, धरून चाल आठ टन. तो एका पायावर गुडघा वाकवून उभा आहे आणि त्याला सरळ व्हायचंय. गुडघ्यापासून वजनाची रेषा ऐंशी सेंटिमीटर पुढे, आणि आपला हायड्रॉलिक सिलिंडर गुडघ्यापासून वीस सेंटिमीटरवर जोडलेला. जागा तेवढीच मिळते, मांडीत काय काय कोंबणार. म्हणजे सिलिंडरला चौपट जोर लावायचा, बत्तीस टन. शंभर मिलिमीटर बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, सिलिंडर २०० बार दाबाला सोळा टन देतो. दोन बसव. झालं, उभा राहिला. बेळगावात ही गोष्ट अवघड नाही, आमच्या उद्यमबागेत आणि मच्छेत असले सिलिंडर रोज बनतात, पॉवर पॅकसकट.

खरं (आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये) उभं राहणं निराळं आणि लढणं निराळं. कॉमिकमध्ये तो गुडघ्यावरून उठून ठोसा मारतो त्याला अर्धा सेकंद लागतो. त्या अर्ध्या सेकंदात पिस्टन वीस सेंटिमीटर सरकवायचा तर दोन्ही सिलिंडरांत मिळून तीन लिटरच्या वर तेल घुसलं पाहिजे. मिनिटाला पावणेचारशे लिटरचा पंप. ताकद काढलीस तर सुमारे १७० हॉर्सपॉवर निघते. ही एका गुडघ्याची. चिकोडीकडे ऊस ओढणारा ट्रॅक्टर पन्नास हॉर्सपॉवरचा असतो, म्हणजे एका गुडघ्यात तीन ट्रॅक्टर आणि वर थोडं. अजून दुसरा गुडघा राहिला, दोन खुबे, घोटे, खांदे राहिले. आणि हे सगळं तेल तापणार. ते थंड करायला जो रेडिएटर लागेल तो ठेवायला आणखी एक ऑप्टिमस लागेल.

तापण्यापेक्षा मला गळण्याची भीती जास्त. एका वर्षी शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी आमच्या गल्लीतल्या मंडळाने गळ घातली, की मावळ्याचा तलवारीचा हात वरखाली व्हायला पाहिजे. भंगारातला एक सिलिंडर आणला, हातपंप जोडला, आत एक पोरगं बसवलं. गणपत गल्लीपर्यंत हात झकास हलला. पुढे पिस्टनच्या सीलने दगा दिला आणि मावळ्याच्या काखेतून तेल गळायला लागलं ते थेट खाली बसलेल्या लेझीमवाल्यांच्या फेट्यांवर. एका हाताला एक सील, तर ही गत. ऑप्टिमसच्या अंगात गळती रोखणाऱ्या किती रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंग, असतील याचा विचार करून कॉमिक वाचायला घेतलंस तर झोप येणार नाही.

आणि समज, गळलं नाही. चालला. कुठे चालला? हे कुणी विचारत नाही. त्याचं पाऊल साठ बाय चाळीस सेंटिमीटर धर, दोन हजार चारशे चौरस सेंटिमीटर. एका पायावर आठ टन म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वातीन किलोच्या वर, आणि पाऊल आपटलं की त्याच्या दुप्पट. तू चालतोस तेव्हा तुझ्या तळव्याखाली अर्धा किलोसुद्धा पडत नाही. बेळगावच्या दक्षिणेला, खानापूरकडे, जांभ्या दगडावर तो कदाचित चालेल. पण ईशान्येला उतरून अथणीच्या बाजूला काळ्या रानात शिरला, आणि वरून पाऊस झालेला असला, तर ती ओली माती चौरस सेंटिमीटरला एक किलोसुद्धा धड पेलत नाही. दिवाळीनंतर अवकाळी पाऊस आला की उसाची ट्रॉली आसापर्यंत कशी रुतते ते तू निपाणीचा असून पाहिलं नसशील असं होणार नाही. ऑप्टिमस मांडीपर्यंत जाईल. मग मेगाट्रॉनला काही करायची गरज नाही, त्याने फक्त बांधावर उभं राहून बघायचं. सायबरट्रॉन धातूचा ग्रह आहे म्हणून तिथे हे चाललं.

जपानात योकोहामाला अठरा मीटर उंच आणि पंचवीस टनांचा हलणारा यंत्रमानव उभा केला होता, डिसेंबर २०२० ते मार्च २०२४. बोटं हलायची, गुडघा उचलायचा, सगळं. खरं कमरेला मागून आधाराचा सांगाडा धरलेला होता, स्वतःच्या पायावर भार नव्हता. २०१७ साली जपानी आणि अमेरिकन अशा दोन कंपन्यांनी माणूस आत बसवून खरोखरची झुंजही लावली. ती यंत्रं चाकांवर आणि पट्ट्यांवर होती. पायांनी चालवायच्या फंदात दोघंही पडले नाहीत, यातच तुझं उत्तर आलं.

*

माझा मुलगा अकरा वर्षांचा. ही पुस्तकं सोडून काही वाचत नाही. मी शिक्षिका आहे. नीट बघितल्यावर कळलं, की हे सगळं खेळणी विकण्यासाठी रचलेलं आहे. जाहिरातच ती. तुमच्यासारखा वडीलधारा माणूस तिचं कौतुक करतो याचं नवल वाटलं.
(शहापूर, बेळगाव)

ताई, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे आणि त्यात लपवण्यासारखंही काही नाही. आधी खेळणी आली, मग गोष्ट. हॅस्ब्रोने मार्व्हल या कॉमिक कंपनीला सांगितलं, ही एवढी खेळणी आहेत, यांना कथा लावून द्या. जिम शूटर यांनी दोन तटांच्या युद्धाचा आराखडा केला. डेनी ओ'नील यांनी ऑप्टिमस प्राइम हे नाव दिलं. बाकी नावं आणि स्वभाव मात्र कंपनीच्या पसंतीस उतरेनात, तेव्हा ते गाठोडं बॉब बुडियान्स्की नावाच्या एका संपादकाच्या गळ्यात पडलं. वेळ कमी. त्याने सुट्टीत बसून दोन डझनांच्या वर यंत्रांना नावं दिली, प्रत्येकाचा स्वभाव लिहिला, कोण घाबरट, कोण बढाईखोर, कोणाला आपल्याच पुढाऱ्याची खुर्ची हवी. मेगाट्रॉन हे नाव कंपनीला फार भीतिदायक वाटलं, अणुबॉम्बच्या मेगाटनासारखं. बुडियान्स्कीचं उत्तर असं, की तो खलनायक आहे, भीती वाटायलाच हवी.

आता माझं सांगतो. एकतीस वर्षांत मी जे पॅटर्न केले त्यातलं एकही काम माझ्या मनाचं नव्हतं. ड्रॉइंग यायचं, त्यावर नंबर असायचा. हा भाग कुठल्या यंत्राचा, ते यंत्र पुढे कुठे जाणार, काही कळायचं नाही. बहुतेक वेळा कुणाच्या तरी नफ्यासाठीच जाणार. तरी कोपऱ्याला गोलाई द्यायची ती द्यायचीच, कारण धारदार कोपऱ्यात कास्टिंग तडकतं. ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं नसलं तरी द्यायची. न देणारेही होते, त्यांचा पगार माझ्याएवढाच होता.

बुडियान्स्कीने ती गोलाई दिली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, की रुग्णवाहिका होणाऱ्या रॅचेटला लढाईचा कंटाळा असू दे, किंवा मेगाट्रॉनच्या हाताखालचा स्टारस्क्रीम कायम त्याच्या मुळावर उठलेला असू दे. ट्रक आणि विमानं खपली असती तेवढ्यावरही. पुढे कंपनी दर काही महिन्यांनी नवी खेळणी काढायची आणि ती सगळी कथेत घुसवावी लागायची. लग्नाच्या पंगतीत ऐनवेळी तीस माणसं वाढावीत तसं. काही अंकांत ते दिसतं, पानंच्या पानं नुसती ओळखपरेड आहे, आणि ती टाकाऊ आहेत, तुमच्या मुलाला मी सांगितलं म्हणून सांगा. पंचावन्नाव्या अंकानंतर त्याने काम सोडलं. ते सायमन फर्मन या इंग्रज लेखकाने उचललं, जो इंग्लंडच्या आवृत्तीत आधीपासून लिहीत होता. त्याच्या हातात तीच खेळणी एकदम काळी, उदास आणि भव्य झाली.

मुलाला बंद करू नका. त्याला एवढंच विचारा, या पानावर कोणतं खेळणं विकायला आणलंय ते ओळखून दाखव. अकरा वर्षांचं पोर दोन दिवसांत पटाईत होईल. मग बाकीचं आपण होऊन नीट वाचेल.

*

एकूण अंक किती? अजून निघतात का?
(संकेश्वर)

मूळ अमेरिकन मालिका चार अंकांतच संपवायची होती. १९८४ ते १९९१ चालली, ऐंशी अंक झाले. शेवटच्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांनीच थट्टेने छापलं, चार अंकांच्या मालिकेतला ऐंशीवा. इंग्लंडमध्ये ३३२ अंक. नंतर प्रकाशक बदलत गेले, एकाचं दिवाळं निघालं. सध्याची मालिका ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. डॅनियल वॉरेन जॉन्सनने लिहिलेले-चितारलेले तिचे सुरुवातीचे अंक जरूर बघा, त्यात यंत्रं कुस्तीगिरांसारखी एकमेकांना उचलून आपटतात. आपल्याकडच्या माणसाला तालमीत बसल्यासारखं वाटेल.

*

काका, स्पष्ट विचारतो. सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे वाचताना ऑटोबॉट म्हणजे आपण आणि डिसेप्टिकॉन म्हणजे ते, असं वाटत नाही का? तुम्ही नाही म्हणाल हे माहीत आहे.
(अनगोळ, बेळगाव)

मी हो म्हणतो. वाटायचं की. विशीत होतो, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत दंडाला काळी फीत लावून चाललोय, आणि डोक्यात लाल ट्रक होता.

पण त्याच कारखान्यात माझ्या पॅटर्नवर माती ठोकणारा मोल्डर होता, बैलहोंगलकडचा, घरी कन्नड, माझ्याशी मराठी, मिस्त्रीशी दोन्ही मिसळून. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. पॅटर्नमेकर आणि मोल्डर यांचं भांडण भाषेपेक्षा जुनं आहे. कास्टिंग बिघडलं की मी म्हणायचो माती सैल ठोकलीस, तो म्हणायचा तुझ्या पॅटर्नला उतार कमी आहे, साच्यातून निघताना कड मोडते. "काय करूलालास गा, डोळे मिटून तासूलालास काय?" हे तो मला मराठीत म्हणायचा. शिव्या मात्र कन्नडमध्ये, कारण मराठीत शिवी दिली तर मनाला लागते म्हणे. अण्णाला त्या कॉमिकचं वेड माझ्याहून जास्त. इंग्लिश येत नसे, चित्रं बघायचा, मी मराठीत सांगायचो, आणि तो दुपारच्या सुट्टीत भट्टीवाल्या पोरांना कन्नडमध्ये. त्याच्या सांगण्यात मेगाट्रॉनच नायक होता. मी ओरडायचो, अण्णा, तो वाईट आहे. तो म्हणायचा, "हौद्री (हो जी), खरं त्याला कुणी वाईट केलं?"

वीस-पंचवीस वर्षांनी त्या लेखकांनाही तोच प्रश्न पडला. २००७च्या एका मालिकेत मेगाट्रॉन मुळात खाणकामगार दाखवलाय. त्यानंतरच्या कथांत जेम्स रॉबर्ट्सने ते आणखी ताणलं. सायबरट्रॉनवर तुम्ही कशात बदलता यावरून तुमचं काम आणि तुमची पायरी ठरते. ज्याला खणायचं रूप मिळालं त्याने जन्मभर खणायचं, ज्याला सूक्ष्मदर्शकाचं मिळालं त्याने प्रयोगशाळेत बसायचं. खाणीत राबणारा मेगाट्रॉन त्याविरुद्ध पत्रकं लिहितो. ती वाचून लोक जमतात. आणि जमलेल्या लोकांच्या जोरावर तो पुढे जे करतो ते त्याने लिहिलेल्या प्रत्येक ओळीच्या उलट असतं. जन्मावरून काम ठरवण्याची गोष्ट अमेरिकन वाचकाला नवी वाटली असेल. आपल्या गावात ती कुणाला समजावून सांगावी लागणार नाही, ना मराठी गल्लीत, ना कन्नड.

तेव्हा तुमचा 'आपण आणि ते' चालू द्या, माझा आक्षेप नाही. मराठी शाळेत मराठी पुस्तक मिळालं पाहिजे, माझ्या घराच्या उताऱ्यावरचा मजकूर मला वाचता आला पाहिजे, यासाठी मी आजही फेरीत जातो, गुडघा दुखतो तरी. फक्त मेगाट्रॉन कोण हे ठरवताना घाई करू नका, तो पुढच्या अंकात काय निघेल सांगता येत नाही.

*

पिशवीतल्या त्या फाटक्या कॉमिकचं पुढे काय झालं? अर्धवट सोडलंत मागच्या वेळी.
(एक निवृत्त वाचक, टिळकवाडी)

अर्धवट मी नाही सोडलं, मला मिळालंच अर्धवट.

१९८८च्या सुमाराला कॅम्पातल्या एका रद्दीवाल्याकडे दोन रुपयांना घेतलं. इंग्लंडची आवृत्ती. तिकडे ते साप्ताहिक असल्यामुळे अमेरिकेचा एक अंक चिरून दोन आठवड्यांत छापायचे, हे मला कुठून माहीत. माझ्या हाती आला तो पहिला आठवडा. कथा अशी, की ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन ठरवतात, या वेळी पृथ्वीवर नासधूस नको, संगणकावरच्या खेळात शिरून आत लढू. जो हरेल त्याला स्फोटाने उडवायचं. दोघं खेळात उतरतात, आणि पुढच्या आठवड्यात वाचा.

पुढचा आठवडा यायला वीस वर्षांच्या वर लागली. रद्दीवाल्याकडे मी महिनोन्महिने चकरा मारल्या. त्याच्याकडे दुसरे अंक यायचे, बागकामाचे, विणकामाचे, हा नाही. अण्णा आणि मी पैज लावली, अर्धा किलो कुंदा. मी म्हटलं ऑप्टिमस जिंकणार. तो म्हणाला मेगाट्रॉन, कारण असल्या खेळात सभ्य माणूस जिंकलेला मी बघितला नाही. कारखान्यातल्या निम्म्या लोकांना ही पैज माहीत होती. कुणी चेष्टेत विचारायचं, काय गा, आला का निकाल?

मी निवृत्त झालो त्या सुमाराला पुण्याच्या भाच्याने जुन्या अमेरिकन अंकांचा संग्रह पाठवला. पोस्टमन गेल्यावर दारातच उघडला. चोविसावा अंक. पहिली पानं मला पाठ होती, पटापट उलटली, आणि जिथे माझं कॉमिक संपायचं तिथून पुढे चष्मा पुसून वाचलं.

ऑप्टिमस जिंकतो. मेगाट्रॉनला हरवतो, खेळ संपतो. आणि मग तो म्हणतो, मी हरलो. कारण जिंकताना खेळातले काही निरपराध जीव माझ्यामुळे मेले. ते खेळातले, म्हणजे पडद्यावरची चित्रं, खरे नव्हेतच. तरी तो म्हणतो, नियम मोडला, मला उडवा. समोरचा माणूस बटण दाबतो. ऑप्टिमसचे तुकडे. त्याचं मन मात्र एका फ्लॉपीत उतरवून ठेवलेलं असतं. हल्लीच्या पोरांना फ्लॉपी म्हणजे काय ते आजोबांनी सांगावं. पुढच्या अंकात मेगाट्रॉनची अवस्था तर आणखी वाईट. शत्रू गेला यावर त्याचा विश्वासच बसत नाही, तो परत येईल म्हणून सगळीकडे संशय, शेवटी वेडाच्या भरात तो स्वतःचाही घात करून घेतो.

मी तसाच उठलो, रिक्षा केली आणि वडगावला अण्णाच्या घरी गेलो. जेवायला बसला होता. "ऊट आतेन्री?" (जेवण झालं का?) मी विचारलं, ते सोडून त्याने आधी पुस्तकच ओढून घेतलं. इंग्लिश अजूनही येत नाही त्याला. चित्रं बघत गेला, मी सांगत गेलो. स्फोटाच्या पानावर आला तशी बोट ठेवून बराच वेळ बसला. ताटातली भाकरी वाळून गेली.

मग म्हणाला, "तू जिंकलास."

मी म्हटलं, नाही अण्णा, तो स्वतःच हरलो म्हणाला, म्हणजे तू जिंकलास.

"जिंकला खरं हरलो म्हणाला. मग कुंदा कोण देणार?"

त्याची सून स्वयंपाकघरातून म्हणाली, दोघांनाही साखर आहे, कुणीच देऊ नका. अण्णाने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं. या दिवाळीतही विषय निघाला होता. अजून ठरलेलं नाही.